तोंडावर अठरा हजार फूट

व्यायाम करताना नाका-तोंडावर लावायच्या ट्रेनिंग मास्कच्या डबीत प्लास्टिकच्या छोट्या गोल झाकण्या येतात. एखादीला चार भोकं, एखादीला एकच. सोबतच्या कागदावर आकडे छापलेले असतात: ही बसवली की 3,000 फूट, ही बसवली की 9,000, आणि सगळ्यांत कोंदट बसवली की 18,000 फूट. म्हणजे लातूरच्या गंजगोलाईपासून चार पावलांवरच्या जिममध्ये पोरगं स्क्वॉट मारत असतं आणि कागदाच्या हिशोबानं ते सियाचीनच्या चौकीवर पोचलेलं असतं. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांपासून मिळणारी ही उंची आता तालुक्याच्या गावांतही आली आहे. काळा निओप्रीनचा पट्टा, पुढं दोन-तीन झडपा, रीलमध्ये दिसायला जबरदस्त.

वजन उचलताना हा मास्क तोंडावर असू नये, असं माझं मत आहे. पोलीस-लष्कर भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीनं तर तो कुणाला लावायला सांगूच नये. मास्क लावला की माणूस कोसळतो, असली भीती मला घालायची नाही. पण ज्या फायद्यासाठी तो विकला जातो तो फायदा त्यातून होत नाही, आणि होतो तेवढ्याची वसुली हृदयाकडून आणि रक्तवाहिन्यांकडून होते.

मराठवाड्यात हा विषय हौशी बॉडीबिल्डरांपुरता राहत नाही. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला 50 गुण आहेत. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. मुलींना 1600 च्या जागी 800 मीटर, बाकी तेच. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. एके काळी भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं नुसती पळायची. आता गोळ्याच्या 15 गुणांसाठी बेंचप्रेस, स्क्वॉट, डेडलिफ्ट असे वजन उचलायचे सगळे व्यायाम आले. एकेका गुणानं यादीतलं नाव वर-खाली होतं, घरी कोरडवाहू जमीन, आणि वय निघून चाललेलं. अशा वेळी ‘दम वाढवणारी’ कुठलीही वस्तू खपते. सोयाबीनचे पैसे हातात आले की आधी बूट मागितले जायचे, आता बुटांसोबत मास्क.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर अशी एक जिम आहे. एप्रिलची संध्याकाळ होती, वर पत्रे, कूलर नुसताच आवाज करत होता. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा मास्क लावून डेडलिफ्ट मारत होता. शेवटची रेप (वजन एकदा उचलून खाली ठेवणं) झाली, बार आदळला, आणि सरळ उभं राहायचं सोडून मुलगा रॅकचा दांडा धरून वाकला. झडपेतून शिट्टीसारखा आवाज येत होता. म्हणाला, “सर, डोळ्यापुढं अंधारी आली.” सरांनी मोबाइलवरून नजर काढली नाही. “काढू नको मास्क. तेच तर पाहिजे. दम तिथंच वाढतो.” मुलानं काढला नाही. हे सर काही वाईट माणूस नव्हते. फी थकलेल्या पोरांनाही ते येऊ देत. त्यांना जे कळलं होतं ते त्याच मोबाइलवरून कळलं होतं, एवढंच. पण त्या अंधारीत दम वाढत नसतो.

आधी उंचीचा हिशोब संपवू, कारण तो सोपा आहे. लेह असो की हिंगोली, हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्केच असतो. उंचावर कमी होतो तो हवेचा दाब. 18,000 फुटांवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून तेवढ्याच मोठ्या श्वासात ऑक्सिजन निम्माच मिळतो. मास्क हवेच्या दाबाला हात लावत नाही. तो फक्त हवेची वाट अरुंद करतो, आणि सोडलेल्या श्वासातली थोडी हवा मास्कच्या पोकळीत अडकून पुन्हा आत जाते. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो, ऑक्सिजन किंचित उतरतो. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गाळानं चोंदला म्हणून विहीर खोल होत नाही, मोटार मात्र तापते.

खऱ्या उंचीचा फायदा मिळतो तो रक्तात. ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडांना कळतं, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतात, आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी वाढू लागतात. पण त्यासाठी रोज बारा-बारा तास आणि तेही तीन-चार आठवडे उंचावर काढावे लागतात, झोपसुद्धा तिथंच. मास्क लावून पाऊण तास घाम गाळला म्हणून अस्थिमज्जेला त्याचा पत्ता लागत नाही. आपलं लष्कर जवानाला 9,000 ते 12,000 फुटांवर नेतं तेव्हा तिथल्या हवेची सवय व्हावी म्हणून आधी सहा दिवस देतं, आणि त्यातले पहिले दिवस विश्रांतीचे असतात. ज्या संस्थेत शिरायला ही पोरं धडपडतात ती उंचीला इतकं जपून वागते.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा फोटो अनेक अकॅडम्यांच्या फ्लेक्सवर दिसतो. लावावाच, 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्यपदक आणणारा माणूस आहे तो. पण त्याची उंची कशी होती ते फ्लेक्सवर नसतं. तो फौजेत गेला, सियाचीनला राहिला, आणि पुढं सरावासाठी समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरच्या वर वसलेल्या कोलोराडो स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी आठवडेच्या आठवडे मुक्काम केला. रबराच्या पट्ट्यात ते मावत नाही.

मास्कवाल्यांची बाजूही मांडायला हवी. 2016 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी 24 जणांकडून सहा आठवडे सायकलवर दमवणारा व्यायाम करून घेतला, निम्म्यांना मास्क, निम्म्यांना नाही. दोन्ही गटांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता वाढली आणि दोन्हींत म्हणावा असा फरक निघाला नाही. हिमोग्लोबिन कुणाचंच वाढलं नाही. मात्र ज्या टप्प्यावर माणूस जोरात धापा टाकू लागतो तो टप्पा मास्कवाल्या गटात थोडा पुढं सरकला. संशोधकांनी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटतो: हे उंचीचं यंत्र नाही, फार तर श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारं साधन आहे. शिवाय तो प्रयोग सायकलवरचा होता. सायकलवर जे झालं तेच बारबेलखाली होईल असं धरून चालणं ही पुढची चूक.

पळताना किंवा सायकल मारताना मांड्यांतल्या रक्तवाहिन्या उघडतात, रक्त वाहतं, हृदय जास्त रक्त फेकतं. ते काम मोठं, पण मोकळं. जड वजनाखाली उलट होतं. स्नायू आवळले की त्यांतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्ताला पुढं जायला वाट उरत नाही. त्यात माणूस कण्हतो, म्हणजे कंठ बंद करून छातीत हवा दाबून धरतो. कणा ताठ राहायला ते लागतंच. जड वजनात ते पूर्ण टाळता येत नाही. वैद्यकात या क्रियेला सतराव्या-अठराव्या शतकातल्या व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. छातीतला दाब वाढला की तो रक्तात उतरतो. 1985 साली मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून लेगप्रेस (पायांनी वजन ढकलायचा व्यायाम) मारताना रक्तदाब मोजला. सरासरी निघाली 320 वर 250. एकाचा आकडा 480 वर 350 च्या पुढं गेला. दवाखान्यात 180 दिसला तरी डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकतात.

निरोगी तरुण हे काही सेकंद सोसतो, कारण छातीत बाहेरून दाब वाढलेला असल्यानं हृदयाच्या भिंतीला तो सगळाच्या सगळा भोगावा लागत नाही. पण याच वेळी शिरांतून हृदयाकडे परतणारं रक्त अडलेलं असतं. रेप संपली, बार टेकला, कोंडलेला श्वास सुटला, आवळलेल्या मांड्या सैल झाल्या, की रक्त एकदम त्या मोकळ्या झालेल्या वाहिन्यांत उतरतं आणि दाब धाडकन पडतो. मेंदूला दोन-चार सेकंद रक्त कमी पडतं. पोरांची अंधारी ती हीच. सर जिला दम म्हणतात ती.

हे सगळं मास्कशिवायही होतं. म्हणूनच सेट, म्हणजे रेपांची एक फेरी, संपल्यावरचे पहिले दहा-वीस श्वास मोलाचे. साठलेला कार्बन डायऑक्साइड त्यांतूनच बाहेर पडतो, दाब सावरतो. आणि मास्क नेमका याच श्वासांवर बसलेला असतो. अरुंद भोकातून हवा ओढायला छातीत नेहमीपेक्षा जास्त पोकळी करावी लागते, म्हणजे छातीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा बराच खाली न्यावा लागतो. अशा वेळी हृदयाच्या डाव्या कप्प्याला रक्त बाहेर फेकायला उलटी ओढ सोसून काम करावं लागतं. म्हणजे वजनाखाली छातीत दाब वर, वजन टेकलं की ओढ खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. एका सेटमध्ये हृदयाला हा हेलकावा कितीदा बसतो ते मोजून बघावं.

दुसरी गोष्ट रक्ताच्या वाटपाची. दमवणाऱ्या व्यायामात श्वासाचे स्नायूच हृदयाकडून निघणाऱ्या रक्ताचा दहाएक टक्के किंवा त्याहून मोठा वाटा घेतात. त्यांच्यावर भार टाकला आणि ते थकले, की तिथून एक प्रतिक्षिप्त क्रिया सुटते आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात. डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) जगला पाहिजे, मांडी थांबली तरी चालेल, असा शरीराचा नियम. 1997 मध्ये सायकलपटूंवर केलेल्या प्रयोगात हे दिसलं होतं: श्वास घ्यायला अडथळा केला तेव्हा पायांचा रक्तपुरवठा घटला, श्वासाला मदत केली तेव्हा वाढला. मास्क लावून मांड्या बनवायला निघालेला मुलगा मांड्यांच्याच वाट्याचं रक्त छातीकडे वळवत असतो.

वजनाच्या व्यायामात मास्कची थेट परीक्षा घेणारे अभ्यासही 2018 च्या सुमारास आले. एकात रेप तेवढ्याच निघाल्या पण बार हळू हलला, आणि उचलणाऱ्यांनी लक्ष व तरतरी कमी झाल्याचं सांगितलं. दुसऱ्यात पायांच्या व्यायामात थकेपर्यंतच्या रेपच कमी भरल्या. दोन्ही अभ्यास एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि ते जुळत नाहीत हे लपवायचं कारण नाही. पण दोन्हींत मास्कनं काही कमावून दिलं असं निघालं नाही. गोळाफेक ही झटक्याची ताकद. बार हळू हलवायचा सराव करून गोळा लांब कसा जाईल? आणि पाठीवर नव्वद किलो असताना लक्ष उडणं म्हणजे काय, हे ज्याची कंबर एकदा धरली आहे त्याला विचारा.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, करोनात आपण सगळे मास्क लावूनच फिरलो की. फिरलो, आणि साध्या कापडी किंवा सर्जिकल मास्कनं निरोगी माणसाच्या व्यायामात फारसा फरक पडत नाही हे त्या काळातल्या प्रयोगांनी दाखवलंही. पण तो मास्क श्वासाला अडथळा व्हावा म्हणून बनवलेला नव्हता. दुसरा आक्षेप आपल्याकडचा: प्राणायामात कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, असतोच ना? असतो. तो बसून, रिकाम्या हातांनी, हळूहळू वाढवत करतात, आणि जाणता शिक्षक रक्तदाबाच्या माणसाला कुंभक करू देत नाही. तालमीतही जोर काढताना वस्ताद श्वास सोडायला सांगतो, कोंडायला नाही.

माझ्या मते मास्क खपतो तो शास्त्रामुळं नाहीच, त्रासामुळं खपतो. आपल्या भागात त्रासावर फार विश्वास. ऊसतोडीच्या कोयत्यावर वाढलेल्या घरात ‘सोसल्याशिवाय मिळत नाही’ हे पोराला कुणी शिकवावं लागत नाही, तो रोज बघतो. त्यामुळं ज्यात जीव घाबराघुबरा होतो तो सराव त्याला खरा वाटतो, आणि ज्यात आठवड्याला अडीच किलो वाढवत शांतपणे पुढं जायचं तो खोटा. मास्क ती घुसमट लगेच देतो, पहिल्याच दिवशी देतो. विकणाऱ्याला याहून सोपा माल मिळणार नाही. सोसण्याची ही तयारी मोठी आहे, तिच्याबद्दल मला आदरच आहे. म्हणून तर ती अशी फुकट जाताना बघवत नाही.

आणि सगळेच निरोगी नसतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब निघाला. भरतीच्या वयात प्रमाण कमी असणार, पण कितीतरी पोरांच्या दंडाला आजवर रक्तदाबाचा पट्टा लागलेलाच नसतो. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याचा आजार साधारण 500 माणसांत एकाला असतो. खेळता खेळता अचानक कोसळणाऱ्या तरुणांत त्याचं नाव वारंवार येतं. त्यात श्वास कोंडून जोर लावला की हृदयातून बाहेर पडणारी वाट आणखी अरुंद होते. डॉक्टर तर स्टेथोस्कोप लावून पेशंटला मुद्दाम कण्हायला सांगतात, आवाज वाढला की संशय येतो. तोच ताण आपण बिनतपासणीच्या पोराला रोज बारा-पंधरा सेट देतो आणि वर झडप लावतो.

त्यात परभणी-नांदेडचा मे महिना. पारा 42 च्या वर, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे धावतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, हृदय आधीच जास्त ठोके टाकत असतं. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या 10 किलोमीटर धावेत दहाहून जास्त उमेदवार दगावले. तिथं मास्कचा संबंध नव्हता. पण भरतीच्या ओढीनं तरुण शरीर कुठवर ताणलं जातं ते तिथं दिसलं.

मुलींचा मुद्दा वेगळा काढून सांगतो, कारण तो सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे 800 मीटरला जिचा श्वास तुटतो तिचं फुप्फुस कमजोर असण्यापेक्षा हिमोग्लोबिन 9 असण्याची शक्यता कितीतरी जास्त. तांबड्या पेशी वाढवायच्या म्हणून तिला मास्क विकत घ्यायला लावायचा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांचं नाव काढायचं नाही! उंचीवर महिनाभर राहून धावपटूचं रक्त जेवढं सुधारतं त्याहून जास्त फरक रक्तक्षय असलेल्या मुलीला या गोळ्यांनी पडू शकतो. जंताची गोळी, हिरव्या भाज्या, लोहाची गोळी चहासोबत न घेणं, यांत रीलसारखं काही नाही, म्हणून ते कुणी सांगत नाही.

तेव्हा अकॅडमीवाल्यांकडं आणि नगरपालिका, क्रीडा कार्यालयांकडं मागणी करायची तर ती मास्कबंदीच्या फलकापुरती नको. प्रवेश देतानाच प्रत्येकाचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. यंत्र दीड-दोन हजारांत येतं, बऱ्या मास्कपेक्षा फार महाग नाही. तीन प्रश्न विचारावेत: व्यायाम करताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखतं का, घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग बारबेल. मुलींचं हिमोग्लोबिन दर तीन-चार महिन्यांनी. आणि निदान एका सरांना तरी छाती दाबून हृदय चालू ठेवायचं प्रशिक्षण हवं; 108 ची गाडी तालुक्यावरून वाडीपर्यंत येईस्तोवरचा वेळ त्यांच्याच हातात असतो. यातलं काहीही सरकारी जीआरची वाट बघत बसण्याइतकं अवघड नाही. पालकांनी फी भरताना विचारलं तरी निम्मं काम होईल, कारण अकॅडम्यांची आपसांतली चढाओढ फ्लेक्सवर चालते आणि फ्लेक्स पालकांसाठीच लावलेला असतो.

ज्यांनी मास्क घेऊनच ठेवला आहे त्यांनी तो फेकून द्यायची गरज नाही. श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम ही खरी गोष्ट आहे. त्यासाठीची साधनं वापरणारे खेळाडू खुर्चीत ताठ बसून, अडथळ्यातून तीस खोल श्वास, दिवसातून दोनदा, अशा पद्धतीनं करतात, आणि त्याचा दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात थोडा उपयोग होतो. मास्कचा अडथळा त्या साधनांइतका नेमका नसतो, तरी हलकी झाकणी बसवून, सावलीत बसून, कुणी जवळ असताना करून बघायला निरोगी माणसाला हरकत नाही. डोकं दुखलं, गरगरलं की थांबायचं. आणि रॅकखाली जायची वेळ आली की मास्क खुंटीला अडकवायचा, खाली जाताना श्वास घ्यायचा, वर येताना सोडायचा, दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं मोकळ्या तोंडानं उभं राहायचं.